बोबडे बोल आणि दोन सेकंदांची आठवण

मूल तीन-साडेतीन वर्षांचं झालं आणि अजून स्पष्ट बोलत नसलं की घरात पहिली चौकशी होते ती जिभेची. जीभ जड आहे, खालून चिकटली आहे, वेखंड उगाळून चाटवा, मध लावा, शाळेत जायला लागला की बोलेल आपोआप. सल्ला देणारी माणसं मायेचीच असतात, पण सगळ्यांचं लक्ष तोंडाकडे असतं. शब्द तोंडातून बाहेर पडतो हे खरंच. मात्र त्याआधी तो कानातून आत गेलेला असतो आणि मधल्या वेळात कुठेतरी टिकून राहिलेला असतो. हा मधला वेळ अगदी थोडा, सेकंद-दोन सेकंदांचा. मुलाचं बोलणं कसं घडतं आणि कुठे अडतं हे कळायला हवं असेल, तर या दोन सेकंदांत काय होतं ते पाहावं लागेल. इथे गल्लत झाली तर ती मुलाला महागात पडते. कान किंवा आठवण मदत मागत असते, आणि वर्षभर उपाय चालू राहतात जिभेवर.

आधी मोठ्यांचं उदाहरण घेऊ. मोबाईलवर ओटीपी येतो. सहा आकडे. ते वाचून आपण बँकेच्या पानावर येतो आणि टाइप करून होईपर्यंत मनातल्या मनात म्हणत राहतो. नेमकं तेव्हाच कुणी विचारलं, "चहा टाकू का?" की मागचे तीन आकडे गेले. पुन्हा मेसेज उघडा. आकडे पाठ करायचे नव्हतेच, काम होईपर्यंत धरून ठेवायचे होते. माहिती अशी थोडा वेळ धरून ठेवणं आणि धरलेली असतानाच तिच्यावर काम करणं, याला मानसशास्त्रात वर्किंग मेमरी म्हणतात. वर्षानुवर्षं टिकणारी आठवण वेगळी, ही वेगळी.

ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये या आठवणीची एक रचना मांडली. त्यात चित्रं आणि जागा धरून ठेवणारा एक भाग, आवाज धरून ठेवणारा दुसरा भाग आणि दोघांवर लक्ष ठेवून काम वाटून देणारा तिसरा भाग होता. पुढे २००० मध्ये बॅडलींनी त्यात चौथ्या भागाची भर घातली. आपल्याला इथे हवा आहे तो आवाज धरणारा भाग. त्याची कामं दोन. कानावर पडलेल्या आवाजाचा ठसा तो जेमतेम दोन सेकंद जपतो, आणि तो ठसा पुसट व्हायच्या आत मनात पुन्हा उच्चारून ताजा करतो. ओटीपी पुटपुटताना आपण हेच दुसरं काम करत असतो.

हे घरबसल्या तपासता येतं. कुणाला तरी सांगा की मी पाच शब्द म्हणतो, लगेच त्याच क्रमाने परत म्हण: ऊस, पीठ, चोर, बेल, माळ. जमेल. आता माळ, गाळ, टाळ, जाळ, बाळ. शब्द तेवढेच, सोपे तेवढेच, पण क्रम चुकायला लागतो, कारण एकसारखे आवाज आठवणीत एकमेकांत मिसळतात. आर. कॉनरॅड यांनी १९६४ मध्ये दाखवलं की अक्षरं डोळ्यांनी वाचायला दिली तरी माणसं गोंधळ करतात तो सारख्या आवाजांच्या अक्षरांत. म्हणजे पाहिलेलं अक्षरसुद्धा आपण मनात आवाज करूनच ठेवतो. आणखी एक प्रयोग करा. रेल्वेस्थानक, विद्यार्थिनी, महानगरपालिका, ग्रामपंचायत, पाठ्यपुस्तक. हेही पाचच शब्द, पण म्हणायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पहिले निसटतात. बॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये अंदाज बांधला तो असा, की माणूस साधारण दोन सेकंदांत जेवढं बोलू शकतो तेवढंच त्याला असं धरून ठेवता येतं. वेल्श भाषेतले आकडे इंग्रजीपेक्षा म्हणायला जास्त वेळ घेतात. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसांना वेल्शमध्ये कमी आकडे लक्षात राहतात, हे १९८० मध्ये दिसून आलं. त्यात बुद्धीचा काही संबंध नव्हता, फक्त उच्चाराच्या लांबीचा होता.

मुलांच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी आपल्यापेक्षा वेगळ्या असतात. एक तर ती सावकाश बोलतात, त्यामुळे दोन सेकंदांत त्यांचं कमी मावतं. मोठा माणूस सातेक आकडे ऐकून परत म्हणतो, चार-पाच वर्षांचं मूल तीन-चार. दुसरी गोष्ट अशी की मनातल्या मनात पुटपुटत राहण्याची युक्ती त्यांच्याकडे नसते. ती साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास अंगवळणी पडते. त्याआधी मुलाचा सगळा भरवसा त्या पहिल्या ठशावर असतो. ठसा स्पष्ट उमटला तर शब्द हाती लागतो, नाहीतर गेला.

आता मुलाच्या जागी बसून पाहा. आपल्याला ओटीपी आठवड्यातून चार-पाच वेळा येतो. दोन वर्षांच्या मुलासाठी दिवसभर कानावर पडणारा प्रत्येक नवा शब्द ओटीपीच असतो. त्यात अर्थाचा आधार नाही, ओळखीची खूण नाही, नुसती आवाजांची एक माळ, आणि तीही क्रम न बदलता धरायची.

आधी कान घडतो

ही माळ धरायची तर आधी मणी वेगळे ऐकू यायला हवेत, आणि याची सुरुवात फार लवकर होते. पीटर आयमास आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये एक आणि चार महिन्यांच्या बाळांना चोखणी देऊन 'बा' आणि 'पा' असे आवाज ऐकवले. आवाज बदलला की बाळं जोराने चोखायला लागायची. बोलणं सोडाच, मानही नीट न धरणाऱ्या बाळाला तो फरक कळत होता.

आपल्या भाषांशी थेट नातं असलेला प्रयोग पुढचा आहे. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'ट' आणि 'त' ऐकवले. मोठ्या इंग्रजी भाषकांना हा फरक ऐकूच येत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो येत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांमध्ये तो बहुतेक नाहीसा झाला होता, कारण त्यांच्या घरात त्या फरकाचं काही काम नव्हतं. हिंदी घरांतल्या त्याच वयाच्या बाळांत तो टिकून होता. हा अभ्यास १९८४ चा. मराठी घरातलं बाळ या काळात ट-त, ड-द, ल-ळ, न-ण, क-ख, शिवाय 'चार' मधला आणि 'चाक' मधला असे दोन वेगळे 'च' कानात पक्के करत असतं. कुणी शिकवत नाही. आजूबाजूची माणसं बोलत असतात, एवढंच.

आणि बोलण्यात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, ती फक्त लिहिण्यात असते. 'बघतेबघफुलपाखरूउडालं' असं सलग येतं, त्यातून 'फुलपाखरू' सुटं काढायचं असतं. जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये आठ महिन्यांच्या बाळांना दोन मिनिटं निरर्थक आवाजांची सलग धार ऐकवली. कोणता आवाज कोणाच्या मागून नेहमी येतो हे एवढ्या वेळात बाळांनी टिपलं होतं. बाळ नुसतं टुकूटुकू बघत बसलेलं दिसतं तेव्हा आत किती काम चाललेलं असतं याची यावरून कल्पना येते.

कानात एक, तोंडात दुसरं

मूल बोलायला लागतं तेव्हा आवाज एकदम सगळे येत नाहीत. प, ब, म, त, न हे लवकर जमतात, कारण ओठ मिटले किंवा जिभेचं टोक टेकलं की झालं. र, ळ, श आणि जोडाक्षरं मागून येतात. तोपर्यंत मूल आपल्यापुरता तोडगा काढतं. काकाचा 'ताता' होतो, रामाचा 'लाम', चमच्याचा 'तमता', स्टेशनचं 'टेशन'. या चुका वाटेल तशा होत नाहीत, त्यांत नियम असतो. जे मूल 'र' चा 'ल' करतं ते रंग, रात्र, रिक्षा सगळीकडे तसंच करतं.

मग मुलाला 'र' ऐकूच येत नाही का? येतो. १९६० मध्ये जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी एका इंग्रजी बोलणाऱ्या मुलाची गोष्ट नोंदवली. तो आपल्या प्लास्टिकच्या माशाला 'फिश' ऐवजी 'फिस' म्हणायचा. मोठ्यांनी विचारलं, हा तुझा फिस का? तो म्हणाला, नाही, माझा फिस! फिश म्हटल्यावर खूश होऊन म्हणाला, हो, माझा फिस. आपल्याकडेही हे घरोघर दिसतं. 'तमता' म्हणणाऱ्या मुलाला तुम्ही लाडाने "तमता हवा का?" म्हटलंत तर ते चिडतं. त्याच्या कानात 'चमचा' नीट बसलेला असतो, तोंडाला अजून जमत नसतं. अशा मुलाची आठवण ठीक आहे, कान ठीक आहे. त्याला वेळ द्यायचा, आणि वय उलटून गेलं तर उच्चाराचा सराव.

पण सगळ्या अस्पष्ट बोलण्याचं कारण हे नसतं. 'फुलपाखरू' या एकाच शब्दापाशी थोडं थांबू. एक मूल म्हणतं 'फुलपाखलू'. नेहमी तसंच म्हणतं. शब्दाची लांबी बरोबर, क्रम बरोबर, फक्त 'र' च्या जागी 'ल'. दुसरं मूल आज 'पाफुखरू' म्हणतं, उद्या 'फुखपारू', परवा नुसतं 'पाकू'. त्याला 'फूल' म्हणायला सांगा, म्हणतं. 'पाय', 'खूप', 'रोज' हेही नीट म्हणतं. आवाज एकेकटे सगळे येतात. शब्द लांब झाला की माळ तुटते, मणी सांडतात आणि हाताला येतील तसे ओवले जातात. टोमॅटो, हेलिकॉप्टर, कॅलेंडर या शब्दांतही तेच. घरच्यांना दोन्ही मुलं सारखीच बोबडी वाटतात. वास्तविक पहिल्याची अडचण एका आवाजाची आहे, दुसऱ्याची आवाजांचा क्रम सांभाळण्याची.

मात्र दुसऱ्या मुलाकडे पाहून 'याची आठवण कच्ची' असा शिक्का लगेच मारायचा नाही. दरवेळी वेगळी चूक होण्याचं आणखी एक कारण असू शकतं. शब्द मनात नीट असतो, पण ओठ, जीभ, टाळू यांना कोणत्या क्रमाने हलायचं याची आखणी मेंदूला जमत नाही. तो त्रास वेगळा आणि त्याची थेरपीही वेगळी. दोन्हींत फरक करायचा तर मुलाच्या तोंडाला कामातून सुट्टी द्यावी लागते. स्पीच थेरपिस्ट समोर चित्रं मांडतात आणि सांगतात, मी म्हणते त्या क्रमाने बोट ठेव: चेंडू, कप, मासा. किंवा दोन आवाजमाळा ऐकवून विचारतात, सारख्या की वेगळ्या? बोलायचं काहीच नसताना मूल तीन चित्रांचा क्रम धरू शकत असेल, तर अडचण पुढे तोंडाच्या बाजूला शोधायची. इथेही क्रम सुटत असेल, तर ऐकण्याकडे आणि आठवणीकडे वळायचं.

ज्या शब्दांना अर्थ नाही

या क्षेत्रात सर्वांत जास्त वापरली गेलेली चाचणी दिसायला अगदी साधी आहे. मुलाला खोटे शब्द ऐकवायचे आणि परत म्हणायला सांगायचे. मराठीत कल्पना करायची तर 'मुबदा', मग 'तिलोमगी', मग 'पाडुनेतमी'. शब्द खराच नसल्यामुळे मुलाला जुन्या ओळखीचा आधार मिळत नाही. जे काही धरायचं ते त्या दोन सेकंदांच्या ठशातून.

सुझन गॅदरकोल आणि बॅडली यांनी १९८९ मध्ये चार वर्षांच्या मुलांची अशी चाचणी घेतली आणि वर्षाने त्यांचा शब्दसाठा मोजला. चौथ्या वर्षी खोटे शब्द ज्यांना चांगले म्हणता आले, त्यांना पाचव्या वर्षी खरे शब्द जास्त येत होते. वय आणि इतर बुद्धिमत्ता हिशेबात धरूनही हे नातं टिकलं. पुढे १९९५ मधल्या एका अभ्यासात दिसलं की तीन वर्षांच्या ज्या मुलांची ही आठवण चांगली, त्यांची रोजची वाक्यंही लांब आणि भरीव असतात. याला एका मोठ्या माणसाकडून जोरदार पुष्टी मिळाली. मेंदूच्या आजारानंतर आवाज धरून ठेवण्याची क्षमता गमावलेली एक इटालियन बाई होती. ती रोजचं बोलणं बोलायची, ओळखीच्या इटालियन शब्दांच्या जोड्याही शिकायची. पण रशियन भाषेतले नवे शब्द ऐकून शिकणं तिला जमेना. १९८८ मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि त्यातून अभ्यासकांच्या लक्षात आलं की ही छोटीशी आठवण फोन नंबर धरण्यासाठी नसून नवा शब्द शिकण्यासाठी आहे.

इथवर गोष्ट सरळ वाटते. आठवण चांगली तर शब्द जास्त. पण काही संशोधकांनी रास्त शंका काढली की उलटंही असू शकेल. ज्या मुलाला आधीच पुष्कळ शब्द येतात त्याला खोट्या शब्दातही ओळखीचे तुकडे सापडतात, म्हणून ते बरोबर म्हणतं. गॅदरकोल यांच्याच १९९२ च्या पाहणीत याचं उत्तर मिळालं. चार ते पाच या वयात आठवण शब्दांना पुढे नेते. पाचव्या वर्षानंतर शब्दसाठाच आठवणीला हात देऊ लागतो. मला या सगळ्या संशोधनातली ही सर्वांत दिलासा देणारी गोष्ट वाटते. मुलाची ही आठवण जन्मतः ठरलेली आणि बंद झालेली नाही. घरात जितकं बोलणं, जितके शब्द, तितका तिला आधार मिळत जातो.

उच्चारांच्या बाजूने एक अडचण मात्र राहिली होती. ज्या मुलाला 'र' किंवा 'श' येतच नाही, त्याने खोटा शब्द चुकवला तर ती चूक आठवणीची की जिभेची? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या लॉरेन्स श्रीबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये यावर तोडगा काढला. त्यांनी ब, ड, म, न असे चारच व्यंजनांचे आवाज आणि 'आ' हा एकच स्वर घेतला, जे बोबड्या मुलालाही येतात, आणि त्यांच्याच लांबत जाणाऱ्या माळा केल्या. आता जिभेची सबब उरत नाही. असं तपासल्यावर उच्चारदोष असलेल्या मुलांमधला फरक दिसतो. काहींना क्रम धरताना खरंच त्रास होतो, काहींची आठवण इतर मुलांसारखीच असते. म्हणून 'बोबडं म्हणजे आठवण कमजोर' हे विधान 'बोबडं म्हणजे जीभ जड' याइतकंच चुकीचं आहे.

काही घराण्यांत ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या कमी दिसते. डोरोथी बिशप यांनी १९९६ मध्ये जुळ्या मुलांच्या अभ्यासातून दाखवलं की खोटे शब्द म्हणता न येण्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो, आणि ज्यांची भाषा पुढे वरवर सुधारली त्यांच्यातही ही खूण मागे राहते. भाषा शिकण्यातच मूळ अडचण असणारी मुलं काही दुर्मीळ नाहीत. इंग्लंडमधल्या २०१६ च्या मोठ्या पाहणीत तीस मुलांच्या वर्गात अशी साधारण दोन मुलं निघाली.

इथे आपल्याकडचा एक मुद्दा मांडल्याशिवाय पुढे जाववत नाही. मेळघाटातल्या कोरकू घरातलं मूल, गडचिरोलीतलं माडिया किंवा गोंडी बोलणारं मूल, नंदुरबारच्या डोंगरातलं भिली किंवा पावरी बोलणारं मूल पहिलीत येतं आणि गुरुजी मराठीत बोलायला लागतात. त्या मुलासाठी वाक्यातले निम्मे शब्द 'पाडुनेतमी' सारखेच असतात. त्याची दोन सेकंदांची सगळी ताकद आवाज धरण्यात खर्च होते, अर्थासाठी काही उरत नाही. ते गप्प बसतं, सूचना अर्धीच पाळतं, आणि त्याला मठ्ठ ठरवलं जातं. मराठी घरातून थेट इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत बसवलेल्या मुलाचंही थोड्या प्रमाणात हेच होतं. दोन भाषा ऐकल्यामुळे मूल बोबडं होत नाही, त्यामुळे घरची भाषा बंद करण्याचं काहीच कारण नाही. उलट मुलाची जी भाषा पक्की तिच्यातच त्याची परीक्षा व्हायला हवी. इंग्रजी खोट्या शब्दांवर मराठी किंवा कोरकू मुलाला जोखणं हा अन्याय आहे.

घरात काय करता येईल

पहिलं काम कान तपासणं. सारखी सर्दी होणाऱ्या मुलाच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, ऐकू येतं पण दबलेलं, आणि ठसाच पुसट उमटतो. टीव्हीचा आवाज ऐकू येतो म्हणजे कान चांगला, हे खरं नाही. जाड आवाज ऐकू येऊनही स, श, ख, फ यांसारखे बारीक आवाज निसटू शकतात. ऑडिओलॉजिस्टकडून रीतसर तपासणी करून घेतल्याशिवाय उच्चारांविषयी काही ठरवू नये.

रोजच्या बोलण्यात एक साधी सवय खूप उपयोगी पडते. नात म्हणते, "आजी, ते बघ, फुपाकू!" आजीने म्हणावं, "हो गं बाई, फुलपाखरू! केवढं मोठं फुलपाखरू. बस, बस, उडेल फुलपाखरू." बस्स. तिला थांबवलं नाही, दुरुस्त केलं नाही, "नीट म्हण" म्हटलं नाही, पण बरोबर शब्द तिच्या कानावर तीनदा, सावकाश, अर्थासकट पडला. तिच्या मनात तो शब्द ताजा असतानाच पडला, हे महत्त्वाचं. तिच्या पहिल्या ठशावर आजीचे स्पष्ट ठसे उमटतात. याउलट पाहुण्यांसमोर "म्हणून दाखव, म्हण 'रेल्वे'" असं उभं केलं की मूल आवाज शिकत नाही, फक्त गप्प राहायला शिकतं. आणि त्याच्या बोबड्या बोलाची नक्कल करून हसणं तर अजिबात नको. तीन वर्षांच्या मुलालाही ते कळतं आणि लागतं.

सूचना तोडून द्याव्यात. "चप्पल जाग्यावर ठेव, हातपाय धू, डबा ओट्यावर ठेव आणि दप्तरातली वही घेऊन ये" या वाक्यातून चार वर्षांच्या मुलाच्या हाती एखादी गोष्ट लागते. मूल ऐकत नाही म्हणून आई रागावते. खरं तर ऐकलं होतं, मावलं नाही. एक काम सांगावं, झालं की दुसरं.

बडबडगीतं, पाठ केलेले श्लोक, टाळ्यांच्या तालावर शब्दांचे तुकडे पाडणं, यमक जुळवणं हे सगळं चांगलं आहे. ताल आणि यमक आवाजांच्या माळेला गाठी मारून देतात, त्यामुळे लांब ओळ धरायला सोपी जाते. तेच गाणं मुलाला शंभर वेळा हवं असतं तेव्हा कंटाळा न करता म्हणावं, त्याला त्या पुनरावृत्तीची गरज असते. आठवण वाढवतो म्हणणाऱ्या महागड्या ॲप आणि कोर्सवर मात्र पैसे घालू नयेत. मोनिका मेल्बी-लेर्वोग आणि चार्ल्स ह्यूम यांनी २०१३ मध्ये अशा प्रशिक्षणाचे तेवीस अभ्यास एकत्र तपासले. मुलं त्या खेळात तरबेज होतात, पण भाषा, वाचन आणि गणित यांत त्याचा टिकाऊ फायदा दिसला नाही.

वेखंडाने उच्चार सुधारत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर देऊच नये, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. जीभ खालून चिकटलेली असेल तर त्याचा त्रास मुख्यतः दूध पिताना होतो, त्यामुळे बोलणं उशिरा सुरू होत नाही. एखाददुसऱ्या आवाजाला अडथळा येतो का हे डॉक्टर आणि थेरपिस्ट मिळून पाहू शकतात, पण कापलं की बोलेल या आशेवर घाईने शस्त्रक्रिया करू नये.

वाट किती पाहायची? ढोबळमानाने दोन वर्षं पूर्ण होताना मूल "पाणी दे", "बाबा आले" अशी दोन शब्दांची जोडणी करतं. तिसऱ्या वर्षी परक्या माणसाला त्याचं बरंचसं बोलणं कळावं, चौथ्या वर्षी जवळपास सगळं, एखादा 'र' किंवा 'ळ' चुकला तरी. हे होत नसेल, हाक मारल्यावर मूल वळत नसेल, किंवा येत असलेले शब्द कुठल्याही वयात गेले असतील, तर थांबू नये. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा आणि श्रवणाचंच काम करते. जिल्ह्याच्या ठिकाणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची केंद्रं आहेत. २०१३ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला तोच पालघरहून, आणि अंगणवाडी-शाळांमध्ये येणारी आरोग्य पथकं बोलण्या-ऐकण्याच्या तक्रारी असलेल्या मुलांना तिथे पाठवतात. अंगणवाडी ताईंकडे स्वतःहून तक्रार नोंदवली तरी चालते. खासगी थेरपिस्टकडे जाणार असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारून घ्या.

जाण्याआधी आठवडाभर एक काम करा. मूल खेळात रमलेलं असताना त्याचं बोलणं मोबाईलवर दोन-तीन मिनिटं रेकॉर्ड करा, कारण अनोळखी खोलीत पुष्कळ मुलं तोंड मिटून बसतात. एका कागदावर दोन रकाने करा. एकात मूल नेहमी एकसारखे चुकवतं ते शब्द लिहा, दुसऱ्यात दरवेळी वेगळे चुकवतं ते, आणि शेजारी ते नेमकं काय म्हणतं ते जसंच्या तसं: 'फुलपाखलू', 'पाफुखरू', 'फुखपारू'. घरात कोणत्या भाषा बोलतात, कुणी लहानपणी उशिरा बोललं होतं का, कान किती वेळा दुखला, हेही खाली लिहून ठेवा. पहिल्या भेटीत थेरपिस्टला तपासणी कुठून सुरू करायची ते या कागदावरून कळतं.